कोड नवऱ्याच्या फोनवर

इन्कम टॅक्सवाल्यांचा मेसेज आल्याचं मला तांब्यानं कळलं. मी भाकरी थापत होते, मागून तांब्या आला आणि कानामागं लागला. पाण्यानं भरलेला होता म्हणून जास्त लागला. रिकामा तांब्या नुसता वाजतो. नवऱ्याला हा फरक माहीत होता, इतक्या वर्षांत त्यानं दोन्ही फेकून पाहिले होते.

“सरकारचा मेसेज आलाय तुझ्या नावचा,” तो म्हणाला. “माझ्या फोनवर. काय घोळ करून ठेवलायस तिकडं?”

तिकडं म्हणजे मस्कतला. नऊ वर्षं मी तिथल्या एका दवाखान्यात नर्स होते. आदल्या डिसेंबरात कायमची परत आले होते, मानवतजवळच्या आमच्या गावात. परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी धरली होती आणि रोज एसटीनं जात-येत होते. नवरा मानवतला कापसाची दलाली करायचा. कानाला फडकं दाबून मी तो मेसेज वाचला. तुमच्या पॅनवर मोठे व्यवहार दिसतात, रिटर्न भरा, एवढाच त्याचा अर्थ होता. मस्कतहून मी पैसे पाठवायचे ते आमच्या दोघांच्या साध्या बचत खात्यात. बाई परदेशात राहते हे बँकेला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं सरकारला ते सगळे पैसे गावात बसून कमावल्यासारखे दिसत होते.

“मग भर की,” तो म्हणाला. “तुझं तू निस्तर. पोलीस दारात आले तर तंगडं तोडीन.”

मला पडत्या फळाची आज्ञा. कारण रिटर्न मलाच भरायचं होतं, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. परभणीत गावाच्या कडेला दोन खोल्यांचं एक घर मी हेरून ठेवलं होतं. बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त रिटर्नची पावती आणा म्हणत होती. ती पावती हातात आली की मी आणि माझी तेरा वर्षांची लेक त्या घरात राहायला जाणार होतो. नाही आली तर घर नाही, आणि मग तांब्या होताच.

माझा मेसेज त्याच्या फोनवर का आला, हे सांगायला हवं. मी मस्कतला जायच्या आधी गावच्या शाळेत आधार कार्डाचा कॅम्प भरला होता. तिथं मोबाईल नंबर विचारत होते. बायकांचा नंबर परक्या माणसाकडं कशाला, म्हणून गावातल्या प्रत्येक बाप्यानं घरातल्या साऱ्यांना आपलाच नंबर दिला. आमच्या घरात नवऱ्याच्या एका नंबरावर पाच आधार होते: त्याचं, त्याच्या आईचं, माझं, लेकीचं आणि सालगड्याचं. तो सालगडी काम सोडून जाऊन दहा वर्षं झाली. त्याचे मेसेज अजून आमच्याकडं यायचे, कुठं असेल बिचारा. पुढं बँकेतही माझ्या नावापुढं हाच नंबर लागला. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट एक कटकट वाचली असं वाटलं होतं. शिकलेली नर्स मी, पण अक्कल गहाण टाकली होती.

परभणीतले टॅक्सचे वकील साठी उलटलेले होते. मला सिस्टर म्हणायचे. बाहेर सगळे सिस्टर म्हणतात, घरात मी ‘ये’ असते. ते म्हणाले, “तिकडच्या पगारावर इथं टॅक्स लागणार नाही. पण परत आलात त्या वर्षी कायद्यानं तुम्ही भारतात राहत होता की नव्हता, हे आधी ठरवावं लागतं. दिवस मोजावे लागतात. त्या वर्षाचे, आणि आधीच्या चार वर्षांचे. पासपोर्ट आणा.”

पासपोर्ट सासूबाईंच्या लोखंडी पेटीत होता आणि किल्ली त्यांच्या कमरेला. किल्ली मागितली तर त्यांनी माझ्या सुजलेल्या कानाकडं पाहिलं. मला वाटलं, आता काही मायेचं बोलतील.

“मला माझ्या नवऱ्यानं बैलाच्या कासऱ्यानं मारलंय,” त्या म्हणाल्या. “मी काय पासपोर्ट काढला का?”

पण किल्ली दिली. पोराचा हुकूम होता ना, निस्तर म्हणून.

वकिलांनी पासपोर्ट उघडला, पानावर फूटपट्टी ठेवली आणि हैदराबाद विमानतळाचे शिक्के एकेक करून वाचायला लागले. आल्याची तारीख, गेल्याची तारीख, मधले दिवस. ते आकडा सांगायचे, मी हो म्हणायचे.

“दिवाळीच्या आधी आलात. चाळीस दिवस.”

“हो.”

त्या सुट्टीत माझा खालचा दात गेला. तिकडच्या एका पुरुष नर्सचा व्हिडिओ कॉल आला आणि मी हसून बोलले, एवढंच झालं होतं. मस्कतला परत गेल्यावर मेट्रनला मी सांगितलं, गंगाखेडचा ऊस खाताना पडला. आमच्याकडचा ऊस फार कडक असतो, म्हटलं.

“पुढच्या उन्हाळ्यात बत्तीस दिवस.”

“नणंदेचं लग्न होतं.”

हळदीच्या दिवशी त्यानं मला केसांना धरून मांडवातून घरात ओढत नेलं. मी मस्कतहून आणलेले बूट त्याच्या आधी माझ्या भावाला दिले होते. पन्नास माणसं जेवायला बसलेली. वाढपीसुद्धा थांबला नाही, माझ्या पायांवरून बुंदीचं ताट घेऊन पुढं गेला.

“तिसऱ्या वर्षी शून्य,” वकील म्हणाले.

तिसऱ्या वर्षी साथ होती, कोणालाच सुट्टी मिळाली नाही. दिवसाला दोन-दोन प्रेतं मी या हातांनी बांधली. प्लास्टिकच्या कपड्यात घामानं अंघोळ व्हायची. आणि तरी सांगते, लग्नानंतरचं माझं सगळ्यात सुखाचं वर्ष तेच. त्या वर्षी मला कोणी हात लावला नाही.

“चौथ्या वर्षी पंचेचाळीस.”

“सासरे गेले तेव्हा.”

तेव्हा बरगडी. तेराव्याचं जेवण उरकलं आणि भांडी घासत असताना लाथ बसली, का ते मला आजही माहीत नाही. विमानात पट्टा बांधताना डोळ्यांपुढं अंधारी आली होती. हवाईसुंदरीनं विचारलं, पहिल्यांदाच बसताय का? मी हो म्हटलं.

वकिलांनी बेरीज केली. “एकशे सतरा. चार वर्षांची मर्यादा तीनशे पासष्ट, त्याच्या बरंच खाली. परत आलात त्या वर्षाचे दिवसही कमीच. तुम्ही अनिवासी ठरता, सिस्टर. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या वर्षी तुम्ही इथं राहत नव्हता.”

मला हसू आलं, आणि ते थांबेना. एकशे सतरा दिवसांचा हिशोब मी दात, केस आणि बरगडीवर ठेवला होता, आणि हा माणूस फूटपट्टीनं. मी म्हटलं, “साहेब, यातल्या किती दिवशी मार खाल्ला, असा रकाना आहे का फॉर्मात?”

त्यांनी मान वर करून माझ्या कानाकडं पाहिलं. “नाही सिस्टर,” ते म्हणाले, “असा रकाना नाही.” मग बराच वेळ फूटपट्टी रुमालानं पुसत बसले.

पुढचं काम सोपं होतं, निदान कागदावर. शेवटच्या तारखेला ते रिटर्न दाखल करणार आणि मग आधारच्या नंबरावर सहा आकड्यांचा कोड येणार. तो कोड त्यांना सांगायचा. त्याशिवाय रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि पावतीला बँकेत किंमत राहत नाही. नवऱ्याला मी नीट सांगितलं. त्याला रिटर्न भरून हवंच होतं, तो हो म्हणाला. पण दोनच दिवस आधी गावातल्या एकानं मानवतच्या बाजारात त्याला गाठलं आणि सांगितलं, तुझी बाई परभणीत घर पाहायलीय.

तो घरी येऊन मारेल असं मला वाटलं होतं. तो मारायला आला नाही. पलंगावर बसला, फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “येऊ दे कोड. मी बी पाहतो, कसं घर घेतीस.”

शेवटच्या दिवशी मी रजा टाकली. तो दुपारी जेवायला येतो आणि फोन पिठाच्या डब्यावर चार्जिंगला लावतो, हे मला पाठ होतं. लेक शाळेत. सासूबाई दारात तूर निवडत बसलेल्या. त्याला ताट वाढलं, वरण दुसऱ्यांदा वाढलं, आणि पदराखाली माझ्या फोनवरून वकिलांना म्हटलं, पाठवा. दहा मिनिटं असतात, ते म्हणाले, लवकर सांगा. मी फोन चालूच ठेवला.

त्याचा फोन वाजला. मी पीठ घ्यायच्या निमित्तानं उठले. पण कुलूप असलेल्या फोनवर अर्धाच मेसेज दिसत होता, आकडे पुढच्या ओळीत. मी फोन उचलला तेवढ्यात त्यानं ताट ढकललं.

“काय पाहायलीस?”

खरकट्या हातानं त्यानं फोन हिसकावला, उघडला आणि वाचला. मग चक्क हसला.

“हे बघ काय लिहिलंय. कोड कोणालाही सांगू नका. सरकारच म्हणायलंय. अन् तू त्या वकिलाला सांगायलीस?”

“माझा कोड आहे,” मी म्हटलं.

“फोन माझा हाय.”

मी त्याच्या अंगावर गेले. आजवर कधी गेले नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हा एवढाच माझा संसार होता. पण मस्कतला बेफाम झालेला रोगी कसा धरायचा हे आम्हाला शिकवलं होतं. मनगट पकडायचं, कोपर आत वळवायचं आणि आपलं वजन टाकायचं. मी तसंच केलं. तो गुडघ्यावर आला. त्यानं दुसऱ्या हातानं माझा गळा धरला, तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावले, चांगलं कचकचून, वरणाची चव लागेपर्यंत आणि मग रक्ताची. फोन सुटला. मी उचलला. सासूबाई दारातून ओरडत होत्या, “मारलं रे माय माझ्या लेकराला!” चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराच्या आईच्या पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यानं माझं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट धरलं आणि मागं वाकवलं. सोड फोन, म्हणाला. मी सोडला नाही. त्यानं आणखी वाकवलं. हाड मोडल्याचा आवाज मी शेकडो वेळा ऐकलाय, तरी हा माझा आहे हे कळायला एक क्षण लागला. पुढचं दुखणं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी डाव्या हातानं फोन डोळ्यांपुढं धरला, सहा आकडे वाचले आणि झटापटीत खाली पडलेल्या माझ्या फोनकडं तोंड करून ओरडले. पुन्हा ओरडले.

वकिलांचा आवाज आला, अगदी हळू. “सिस्टर, वेळ संपली. घेत नाही ते. दुसरा पाठवू का?”

नवऱ्यानं ते ऐकलं. माझ्या हातातून फोन घेतला आणि जात्यावर आपटला, तीनदा. स्वतःचा फोन. मग त्याच्या चुऱ्याकडं पाहत उभा राहिला. फोनचे हप्ते अजून चालू होते.

मी शाळेत जाऊन लेकीला वर्गातून उठवलं आणि परभणीची एसटी धरली. माझ्याच दवाखान्यात माझ्या बोटाला प्लास्टर घातलं, तळहातापर्यंत. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. पोलिसात नोंद करायची का, तेही विचारलं. मी म्हटलं, आधी रिटर्न. त्यांना वाटलं धक्क्यानं बडबडते आहे. पोलिसात नोंद मी नंतर केलीच, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं.

वकिलांनी दुसरी वाट सांगितली. रिटर्न दाखल झालेलं आहे, कोड नसला तरी चालतं, एक कागद छापून त्यावर निळ्या शाईनं सही करायची आणि तो बंगळूरला स्पीडपोस्टानं पाठवायचा. मुदत तीस दिवस. मी तिथंच डाव्या हातानं पेन धरलं. लहान पोराच्या रेघोट्या उमटल्या. “पॅन कार्डावरच्या सहीशी जुळायला हवी,” ते म्हणाले. “तिकडून फेटाळलं तर मुदतीनंतर मी काही करू शकत नाही.” आधारचा नंबर बदलायला गेले, तर मशीनवरचा माणूस म्हणाला, दहाही बोटं लागतात, प्लास्टर काढून या. सहा आठवडे आणि तीस दिवस. मोडणाऱ्यानं बोट अगदी नेमकं निवडलं होतं, पण तेवढं डोकं त्याला नव्हतं. योगायोग.

दवाखान्यानं नर्सेसची एक खोली दोन महिन्यांपुरती दिली. एका कॉटवर आम्ही दोघी. माझा भाऊ येऊन गेला, तेच मस्कतचे बूट घालून. म्हणाला, “किती दिवस राहशील परक्याच्या खोलीत? दाजी माफी मागायला तयार हायत. नांदती बाई बरी दिसती.” मी त्याला चहा दिला नाही. घर विकणाऱ्यानं दोनदा फोन करून विचारलं, बाई, घर घेताय ना, दुसरं गिऱ्हाईक बसलंय. मी रोज प्लास्टरमधून बाहेर डोकावणारं नख बघायचे आणि दिवस मोजायचे, आता माझी मीच, फूटपट्टीशिवाय.

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी लेक अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, “मम्मी, पप्पांनी नवा फोन घेतलाय. मी मागू का त्यांना कोड? मला देतील. आपण घरी जाऊ.”

मी तिला मारलं. प्लास्टरच्या हातानं, वरून खाली, बघितलंसुद्धा नाही कुठं लागतंय. तिच्या भुवईवर बसलं आणि कातडी फाटली. ती रडली नाही. तिनं लगेच दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि कॉटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली, कसं बसायचं ते अगदी ठाऊक असल्यासारखी. मी तशीच बसायचे, कोपरं कानांवर, गुडघे छातीशी. हे तिला कोणी शिकवलं? मीच, नऊ वर्षं सुट्टीत येऊन येऊन.

मी नर्स आहे, जखम पुसली, पट्टी लावली. माझे हात कापत नव्हते याची मला आजही लाज वाटते. आत मात्र असं वाटत होतं की कोणीतरी मला धरून भिंतीवर आपटावं. त्या खोलीत मारणारं दुसरं कोणी नव्हतं. मीच होते. तांब्या माझ्यासोबत एसटीत बसून परभणीला आला होता.

त्याच संध्याकाळी मी प्लास्टर कापलं. ड्रेसिंगच्या खोलीतून मोठी कात्री आणली, डाव्या हातानं चालवली आणि दोनदा कातडीत घुसवली. लेक बघत होती. “बोट वाकडं राहील ना मग?” तिनं विचारलं. राहील, मी म्हटलं. तिच्याकडं बघून एवढंच म्हणाले, “हा हात परत तुझ्यावर उठणार नाही.” तिनं मान हलवली. विश्वास ठेवला असं काही दिसलं नाही, आणि ठेवावा तरी का?

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या टेबलावर मी सही केली. बोट वांग्यासारखं सुजलेलं, पेन टेकताच कोपरापर्यंत कळ गेली. एका सहीला तीन दम लागले. वकिलांनी पॅन कार्ड शेजारी धरून पाहिलं. “जुळते,” म्हणाले. ते स्वतः माझ्यासोबत पोस्टात आले आणि पाकीट खिडकीतून आत जाईपर्यंत उभे राहिले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, बंगळूरनं घेतलं. बँकेनं पावतीवर एक नजर टाकली, ती पण धड नाही, आणि शिक्का मारला.

घर लहान आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते. बोट वाकडं राहिलं, थंडीत ठणकतं. लेकीच्या भुवईत एक आडवी रेघ आहे, तिथं केस उगवत नाहीत. ती माझ्या हातानं झाली हे ती कधी बोलत नाही. मी बोलते, कारण न बोलता राहिलेल्या रेघा माझ्या अंगावर भरपूर आहेत.

यंदा पुन्हा रिटर्न भरायची वेळ आली. आता पासपोर्ट लागला नाही, दिवस मोजावे लागले नाहीत. पत्त्यात दोन खोल्यांचं घर लिहिलं. आधारचा नंबर मी मधेच बदलून घेतला होता. वकिलांनी त्यांच्या ऑफिसातून बटण दाबलं आणि कोड आला, माझ्या नंबरावर, माझ्या स्वयंपाकघरात. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे होते. लेक शेजारी उभी होती. मी फोनकडं पाहून हात वर केला, तर ती अजूनही किंचित मागं सरली.

मी हात खाली घेतला आणि परातीत ठेवला. मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं, हा कोड कोणालाही सांगू नका. मी तिला म्हटलं, तूच उचल फोन, आणि साहेबांना वाचून दाखव. तिनं सहाही आकडे मोठ्यानं वाचले.